बेळगावचा माणूस सुखी की दुःखी, हे पेण-रोह्याने ठरवायचे काय?

बेळगावच्या नावाने आपल्या पेण-रोह्यात दोन तट पडले आहेत. हे तट निवडणुकीतले नाहीत, चहाच्या टपरीवरचे आहेत. एक तट म्हणतो, "बेळगावात काय वाईट चाललंय? हवा थंड, पाणी गोड, राहणी स्वस्त, पोरांना कॉलेजं. मराठी मजेत बोलतात. तुम्हीच उगीच बोंब मारता." दुसरा तट म्हणतो, "तिथं मराठी माणसाला तोंड उघडायची चोरी आहे. पाटी लावली की पोलीस, झेंडा लावला की पोलीस." दोघेही तावातावाने बोलतात, आणि गंमत अशी की दोन्ही तटांतली माणसे बेळगाव डोळ्यांनी पाहून आलेली असतात. कोणी लेकीचा संसार पाहून आला, कोणी मराठा पलटणीच्या भरतीला जाऊन आला, कोणी पोराला कॉलेजात घालून आला. खोटे कोणीच बोलत नाही. मग खरे काय?

आम्ही गिरणीत राबणारी माणसे. शाळा चौथीपर्यंत. पण युनियनमध्ये एक सवय लागली ती चांगली लागली. मालकाची बाजू आणि कामगाराची बाजू दोन्ही पुऱ्या ऐकून घ्यायच्या, आणि मग म्हणायचे, "बरं, आता कागद दाखव." बेळगावच्या बाबतीतही आम्ही तेच करणार आहोत.

पहिल्या तटाचे म्हणणे आधी घेऊ, कारण आपल्या सभांतून त्याला नुसते गद्दार म्हणून उडवून लावतात. ते बरोबर नाही. बेळगाव हे खरोखरच राहायला चांगले शहर आहे. घाटमाथ्याजवळची हवा, पावसाळा भरपूर. खडेबाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाचे तोंड पाहून मराठी, कानडी, हिंदी बोलतो आणि तिन्ही भाषांत भाव सारखाच वाढवून सांगतो. कुंदा तर जगप्रसिद्धच. शहापूर-वडगावात माग चालतात, साड्या विणतात. उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फौंड्र्या आहेत. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, १९२४ साली, आणि ते अधिवेशन बेळगावचे. पु. ल. देशपांडे तिथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत होते, इंदिरा संतांनी तर उभे आयुष्य तिथे काढले. मराठी वर्तमानपत्रे निघतात, मराठी शाळा आहेत, शिवजयंतीला चित्ररथ निघतात आणि ते पाहायला कानडी बायाबापड्या पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या राहतात. एका चाळीत दोन भाषा नांदतात. हे सगळे आहे. हे नाकारून सीमाप्रश्न मोठा होत नाही, उलट आपणच खोटे पडतो. कारण उद्या कोणी पेणचा माणूस तिथे जाईल, दोन दिवस राहील, मराठीत बाजार करून येईल आणि म्हणेल, समितीवाले थापा मारतात.

पण पाणी गोड आहे म्हणून बाकी तक्रार करायची नाही, असा कायदा कुठे आहे?

गिरणीचे उदाहरण सांगतो. कँटीनमध्ये वडा चांगला मिळतो, पगार दहा तारखेच्या आत होतो, मुकादमही फार शिव्या देत नाही. पण नोटीसबोर्डावरची नोटीस तुम्हाला न येणाऱ्या भाषेत. कामावरून कधी काढतील, रजा कशी मिळेल, दंड किती, सगळे तिथे लिहिलेले, आणि तुम्ही बोर्डाखाली उभे राहून दुसऱ्याला विचारता, "काय रे भाऊ, माझ्याबद्दल काय लिहिलंय?" म्हणूनच १९४६ साली स्थायी आदेशांचा जो कायदा झाला, त्यात लिहिले होते की हे आदेश इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावले पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात, स्वराज्याच्या आदल्या वर्षी, मालकावर एवढे बंधन आले. मग स्वराज्यात एका अख्ख्या मुलखाला हे मागावे लागावे, हे कसे?

आमच्या खात्यातल्या एका सोबत्याची सासुरवाडी खानापूर तालुक्यात आहे. घरात मराठी, शेजारात मराठी, देवळातली आरती मराठी. सासरा गेला तेव्हा जमिनीची वारसनोंद करायची वेळ आली. उतारा कानडीत, नोटीस कानडीत, तलाठ्याच्या कचेरीतला अर्ज कानडीत. मेव्हणा मराठी शाळेत शिकलेला, सही मराठीत करतो. पैसे देऊन एकाकडून कागद वाचून घेतला, दुसऱ्याकडून लिहून घेतला, आणि आपण कशावर अंगठा दिला हे त्याला आजही पुरते ठाऊक नाही. त्या घराला कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. कचेरीतला कारकून भला माणूस होता, खुर्ची दिली, पाणी दिले म्हणे. पण बापजाद्यांची जमीन आणि तिचा कागद वाचायला परका माणूस लागतो, हे दुःख लाठीच्या वळासारखे दाखवता येत नाही. म्हणून दोन दिवसांच्या पाहुण्याला ते दिसत नाही.

आणि हे काही आम्ही जगावेगळे मागतो असे नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात आहे की नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येईल. ३५० (अ) मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असे आहे. १९५६ साली राज्ये नव्याने मांडली तेव्हा दिल्लीने लेखी कबूल केले होते की जिथे वस्तीच्या १५ टक्के किंवा अधिक लोक दुसऱ्या भाषेचे असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही काढावेत. पंधरा टक्के! बेळगाव शहरात, खानापुरात, निपाणीत मराठी माणूस पंधरा टक्के आहे काय? कागद दाखवा म्हटले तर हा कागद आहे. दिल्लीनेच लिहिला आणि दिल्लीच विसरली.

इथे पहिल्या तटातला एखादा हुशार गडी म्हणतो, "अरे, इथं पेणमध्ये तरी काय? झेडपीची मराठी शाळा ओस आणि गावोगाव इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या. मग बेळगावच्या मराठीची काळजी कशापायी?" टोला बरोबर बसतो. आपल्या मराठी शाळा आपण ओस पाडतो याची लाज वाटली पाहिजे. पण पेणचा बाप पोराला इंग्रजीत घालतो तो आपल्या मनाने, चूक असो की बरोबर. बेळगावच्या माणसावर १९८६ साली कानडीची सक्ती आली ती त्याला न विचारता आली. त्या सक्तीविरुद्ध त्या वर्षीच्या जूनमध्ये लोक उठले, गोळीबार झाला, नऊ माणसे गेली. हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. पुढारी मंडळी तेव्हा वेष पालटून जाऊन आली आणि हारतुरे घेऊन परत फिरली. ज्यांच्या घरातले गेले ते तिथेच राहिले.

आता थोडे मागचे सांगणे भाग आहे, कारण तरुण पोरांना वाटते की बेळगावची मागणी म्हणजे महाराष्ट्र झाल्यानंतर सुचलेले शेपूट. खरे उलटे आहे. १९४६ साली बेळगावला मराठी साहित्य संमेलन भरले, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. म्हणजे घराची पहिली वीट बेळगावात घडली. घर उभे राहिले आणि वीट देणाराच अंगणाबाहेर. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळ्या सुटल्या तशा बेळगावातही सुटल्या. तिथे आजही १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करतात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तालुका चंदगड तेवढा इकडे राहिला. तेव्हापासून १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा सणाचा दिवस आणि बेळगावच्या मराठी माणसाचा काळा दिवस. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी. दोन तटांचे जे आपण बोलतो ते तिथे असे उघड्यावर दिसते.

आपल्या जिल्ह्याचे यात काय, असे विचारणाऱ्याला एकच आठवण देतो. १९५२ साली या जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाब्याने, चिंतामणराव देशमुखांना लोकसभेत पाठवले. महाड तालुक्यातल्या नाते गावचा जन्म, आणि रोहेकर त्यांना आपले मानतात. देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हटल्यावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. मुंबई काही रोह्यात नव्हती. रोह्याहून जी कोकण रेल्वे सुरू होते ती गोवा ओलांडून कारवारवरून जाते, आणि ते कारवारही महाराष्ट्राच्या मागणीत आहे. तेव्हा हा प्रश्न कोल्हापूरवाल्यांचा, आपला नव्हे, असे म्हणायला रूळच जागा ठेवत नाहीत.

पुढचे थोडक्यात. १९६६ साली सेनापती बापटांनी म्हातारपणी उपोषण केले, तेव्हा कुठे महाजन आयोग नेमला. १९६७ साली आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यायला सांगितले, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. दावा ८६५ गावांचा. कोर्टात गेला त्या वर्षी जन्मलेले पोर आज कामाला लागले, दाव्याचा निकाल नाही. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर महापौरांना बंगळूरला काळे फासले आणि महापालिकाच बरखास्त केली. २०१२ साली बेळगावात विधानसौध उभे केले. २०१४ साली येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी पोलिसांनी काढली आणि गावकऱ्यांना घरांत घुसून झोडले. त्याच वर्षी शहराचे नाव सरकारदरबारी बेळगावी झाले. २०२२ च्या डिसेंबरात आपले दोन मंत्री बेळगावला जाणार होते, ते गेलेच नाहीत. त्याच महिन्यात विधिमंडळाने एकमताने ठराव केला. ठराव करायला पेट्रोल लागत नाही.

एवढे सगळे झाले, पण यात एक गोष्ट कधीच झाली नाही. तिथल्या माणसाला कोणी सरळ विचारले नाही, "बाबा, तुला कुठे राहायचे?"

आणि विचारता येत नाही असे कोणी सांगू नये. दोन दाखले देतो. पहिला गोव्याचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान घेतले: महाराष्ट्रात यायचे की वेगळे राहायचे? ३४,०२१ मतांनी वेगळे राहायचे ठरले. महाराष्ट्राला वाईट वाटले, पण गोव्याच्या नावाने त्यानंतर काळा दिवस कोणी पाळला नाही. का? विचारले होते म्हणून. हरलेल्या बाजूलाही बोलायला जागा उरली नाही.

दुसरा दाखला तर आपल्या घरचा आहे. २१ सप्टेंबर २००८, पेण तालुका. महामुंबई सेझसाठी भाताची जमीन घ्यायची होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना सरकारने मतदानाला बोलावले. त्या दिवशी म्हाताऱ्या बाया कमरेला पदर खोचून रांगेत होत्या. जमीन द्यायला लोक बहुसंख्येने नाही म्हणाले. सरकारने तो कौल मोठ्या तोंडाने जाहीर केला नाही, तरी सेझ तिथे झाला नाही. आता सांगा, जमीन कारखान्याला द्यायची की नाही हे पेणच्या शेतकऱ्याला विचारता येते, तर अख्खे गाव कोणत्या राज्यात राहील हे येळ्ळूरच्या शेतकऱ्याला का विचारता येत नाही? त्याची अक्कल पेणवाल्याहून कमी काय?

हा मुद्दा आम्ही बोललो की आपल्याच बाजूची काही माणसे खाली मान घालतात. कानात सांगतात, "भाऊ, आता विचारू नका. २०१८ ला समितीचा एकही आमदार आला नाही, २०२३ ला नाही. २०२१ ला महापालिकाही गेली. लोक बदलले. बाहेरून वस्ती आणून बसवली. आता विचारलं तर हरू." या मित्रांना आमचा सवाल आहे. वस्ती बदलली हे खरे, म्हणूनच १९५१ ची शिरगणती धरा अशी मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. त्या वेळी बेळगाव शहरात मराठीच सर्वांत मोठी भाषा होती. कोर्टात तो मुद्दा जरूर लढवा. पण आमदार पडले ते सगळे वस्तीने पाडले काय? समितीचे दोन-दोन तुकडे होऊन एकमेकांसमोर उभे राहिले, मराठी मते फुटली, आणि पोटापाण्याच्या प्रश्नावर लोकांनी दुसऱ्या पक्षाला मत दिले. आमदाराला मत देणे वेगळे आणि राज्याला मत देणे वेगळे. युनियनची निवडणूक हरलेला गट बोनस नको म्हणत नाही.

आणि समजा हरलो तर? तर हरलो. ज्या गावाने कर्नाटकात राहतो म्हटले त्याला आम्ही ओढून आणणार काय? ज्या गोष्टीसाठी दिल्लीशी भांडलो तीच उद्या त्या गावाशी करायची? आम्हाला शहर नको, नकाशा नको. तिथल्या माणसाच्या तोंडून उत्तर पाहिजे. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रास यांची हद्द लावली ती खेडे हा घटक धरून, गावाला गाव लागून आहे की नाही आणि भाषेचे बहुमत कोणते हे पाहून. १९५९ साली त्याचा कायदा झाला. तोच गज इथे लावा, आणि जिथे शंका असेल तिथे मतपेटी ठेवा.

हाच न्याय उलट बाजूने आला तरी कबूल केला पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले होते. कशासाठी? पाण्यासाठी. २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव वर काढले तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. पण जतच्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन किती वर्षे कोस तुडवायचे? तिला पाणी द्या, कानडी शाळा नीट चालवा, तिचे कागद तिला समजतील असे द्या, आणि मग तिलाही विचारा. अक्कलकोटच्या कानडी माणसाला एक माप आणि खानापूरच्या मराठी माणसाला दुसरे, असे करू तर बंगळूरच्या सरकारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ कर्नाटकाच्या बसच्या वाहकाला भाषेच्या वादावरून मारहाण झाली. लगोलग चित्रदुर्गाला आपल्या एसटीच्या चालकाला गाठून मारले, तोंडाला काळे फासले. दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. चॅनेलवाले आपापल्या बाजूच्या जखमा दाखवीत बसले. आम्ही त्या दोघांकडे पाहिले तर आम्हाला दिसले काय? दोन कामगार. दोघेही खाकी घालणारे, दोघेही डबलड्युटी करणारे, दोघांच्याही घरी हप्ता थकलेला. राज्याची हद्द त्यांनी ठरवली नाही, उताऱ्याची भाषा त्यांनी ठरवली नाही. ज्यांनी ठरवली त्यांच्या गाडीला कधी काळे लागत नाही. वाहकाला मारणारा मराठी असो की चालकाला मारणारा कानडी, त्याने मालकाचे काम फुकटात केले.

वडखळ नाक्यापासून नागोठण्यापर्यंत मुंबई-गोवा रस्त्याच्या कामावर कित्येक वर्षे विजापूर-कलबुर्गीकडचे बिगारी राबले, डांबराच्या धगीत, पालात पोरे ठेवून. ते कानडी बोलतात. पेणच्या बाजारात त्यांना कोणी विचारले नाही की मराठीत माग, नाही तर तांदूळ देत नाही. आमच्या आयाबाया हाताच्या बोटांनी भाव सांगतात आणि व्यवहार होतो. हे पेण-रोह्याचे मोठेपण आहे आणि ते सोडायचे कारण नाही. धाटावच्या कारखान्यांतही असेच आहे. पाळी सुटली की गेटातून पाच भाषा बाहेर पडतात.

म्हणून आमच्या युनियनच्या मंडळींनी असे ठरवले आहे की येत्या १ नोव्हेंबरला पेणला आणि रोह्याला जो ठराव वाचायचा, त्यात तीनच वाक्ये असावीत. सीमाभागातल्या गावोगावच्या माणसाला मतपेटीने विचारा. विचारीपर्यंत त्याचे कागद त्याच्या भाषेत द्या. आणि वाहक-चालकांवर हात टाकणाऱ्याला, तो कोणत्याही झेंड्याखाली असो, आमच्या सभेत जागा नाही. तिसऱ्या वाक्यावरून बैठकीत दोन तास वाद झाला. काही जण उठून गेले. ते वाक्य राहिले आहे.

ठराव मराठीत वाचायचा आणि कानडीतही वाचायचा, म्हणजे नाक्यावरच्या बिगाऱ्यांनाही कळेल की आमचे भांडण कोणाशी आहे. कानडी लिहून द्यायला कोणी मिळेना, तेव्हा खडी टाकणाऱ्यांतलाच एक पोरगा पुढे आला. सातवीपर्यंत शिकलेला आहे. त्याने कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "मतपेटीचं आमच्या जतच्या आत्याच्या गावालाबी लागू आहे का?" आम्ही हो म्हटले, तेव्हा तो लिहायला बसला.